वहीतली कादंबरी पाठवायची कशी?

गेल्या महिन्यात सांगलीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं. चार कागद, दोन्ही बाजूंनी गच्च लिहिलेले, समासातही मजकूर, शेवटी ता. क. आणि त्या ता. क.ला आणखी एक ता. क.! वाचताना मला चष्मा दोनदा पुसावा लागला. पण वाचून झालं तशी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

बाई छप्पन्न वर्षांच्या आहेत. मुलगी लग्न होऊन पुण्याला, मुलगा नोकरीला. दुपारी ओटा आवरला की चहाच्या वेळेपर्यंतचे दोन तास त्यांचे स्वतःचे. त्या दोन तासांत, सहा वर्षांत, त्यांनी एक कादंबरी लिहून पुरी केली आहे. हळदीच्या अडत्याचं घर आणि त्या घरातल्या तीन जावा. सहा शंभरपानी वह्या भरल्या. सासूबाईंना ठाऊक आहे. मिस्टरांना “काहीतरी लिहीत असते” एवढंच. भाच्याला हळूच विचारलं, तर तो म्हणाला, “मावशी, हल्ली त्याला एजंट लागतो.” तेव्हा बाई विचारतात, “ताई, हा एजंट कुठे मिळेल? आणि वह्या तशाच बांधून पाठवल्या तर चालतील का?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते तातडीचं आहे. वह्या कुठेही पाठवू नका. एजंटाकडे नाही, प्रकाशकाकडे नाही, वाचायला मागणाऱ्या नणंदेकडेसुद्धा नाही. आधी त्यांची दुसरी प्रत करा. आजच्या आज.

हे मी एवढ्या जोरात का सांगते आहे? माझी एक मावशी सांगलीतच, गावभागात राहायची. तिनेही लिहिलं होतं, तरुणपणी, निळ्या शाईच्या पेनाने, सुरेख वळणदार अक्षरात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सांगली नगर वाचनालयातल्या पुस्तकांचा लगदा झाला, तिथे आमच्या मावशीच्या कपाटाची काय कथा? घरच्यांनी धान्य वर चढवलं, देव वर नेले, घराचे कागद, रेशनकार्ड, दागिने, सगळं नेलं. वह्या राहिल्या खालच्या खणात. त्या नेण्यासारख्या आहेत हे कुणाला माहीतच नव्हतं. तिने कधी सांगितलंच नव्हतं ना!

पाणी ओसरल्यावर मी साताऱ्याहून गेले. वह्या फुगून उशीएवढ्या झाल्या होत्या. पानं सुटी करून दोरीवर वाळत घातली, पण वाचायला काहीच उरलं नव्हतं. पानभर नुसती फिकी निळाई. शाईच्या पेनाची शाई पाण्यात विरघळते, बॉलपेनची तेलकट असते म्हणून टिकते. शेवटच्या पानावर मावशीने बॉलपेनने दुधाचा हिशेब मांडला होता, तो तेवढा स्वच्छ वाचता येत होता. “बघ, रतीब राहिला,” असं ती म्हणाली आणि हसली. त्यानंतर तो विषय तिने काढला नाही, आणि मलाही काढवला नाही.

तेव्हा सांगलीच्या ताई, आधी सहाही वह्यांना पृष्ठांक घाला. पहिल्या वहीपासून सहावीपर्यंत सलग आकडे, १ पासून ६०० पर्यंत. मग सरळ झेरॉक्स काढून आणा. तेवढं जमत नसेल तर सकाळच्या उजेडात खिडकीशी बसून फोनवर एकेका पानाचे फोटो काढा. दिवा पाडू नका, पानावर चकाकी येते. रोज पन्नास पानं काढली तर बारा दिवसांत काम संपतं. हे फोटो लेकीच्या ई-मेलवर पाठवून ठेवा. म्हणजे एक प्रत सांगलीत आणि एक पुण्यात झाली. नदी दोन्हीकडे एकदम येणार नाही.

आता एजंटाचं. भाचा अगदीच चुकीचं सांगत नाही, पण तो सांगतो ती रीत मुख्यतः इंग्रजी पुस्तकांच्या जगातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये ए. पी. वॉट नावाच्या गृहस्थांनी लेखकांच्या वतीने प्रकाशकांशी व्यवहार करायला सुरुवात केली, तिथून हा धंदा वाढला. एजंट पुस्तक वाचतो, योग्य प्रकाशक शोधतो, करार करून देतो आणि लेखकाच्या मिळकतीतला साधारण पंधरा टक्के वाटा घेतो. आपल्याकडेही इंग्रजी पुस्तकांसाठी अशा संस्था आहेत. मराठीत मात्र लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये सहसा कुणी नसतं. आपणच प्रकाशकाला लिहायचं. एक खूण मात्र लक्षात असू द्या: खरा एजंट वाचण्याचे पैसे मागत नाही. पुस्तक खपलं तर त्याचा वाटा. आधीच “वाचनशुल्क” मागणारा भेटला, तर त्याला दारातूनच नमस्कार करा.

आणि थेट लिहायला भिऊ नका. ही वाट आपल्या भागात जुनी आहे. तुमच्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहूनच १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं आणि १९३० मध्ये ‘स्त्री’ मासिक. पुढे ही मासिकं पुण्याला गेली. नांगर आणि पंप तयार करणाऱ्या त्या माळावरच्या गावी महाराष्ट्रभरातून टपालाने मजकूर यायचा, आणि त्यात कितीतरी हस्ताक्षरं बायकांची असायची. मधे कुणी एजंट नव्हता. पाकीट आणि तिकिटं, बस्स.

दुसरं उदाहरण आमच्या सातारा जिल्ह्यातलं, फलटणचं. बेबी कांबळे यांचं छोटंसं दुकान होतं. वस्तू बांधायला आणलेल्या रद्दीच्या कागदांवरचा मजकूर त्या वाचायच्या आणि नवऱ्याच्या चोरून लिहायच्या. लिहिलेलं त्यांनी वीसएक वर्षं लपवून ठेवलं. फलटणला येऊन राहिलेल्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांना ते कळलं, त्यांनी ते बाहेर काढायला लावलं. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आलं, १९८६ मध्ये पुस्तक झालं: ‘जिणं आमुचं’. २००८ मध्ये माया पंडित यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे, हे मान्य. पण माळ्यावर आणि फळ्यांमागे लपवलेले कागद असतात ना, त्यांना पाहिलं की मला बेबीताई आठवतात. त्यांना कुणीतरी विचारलं. आमच्या मावशीला कुणी विचारलं नाही, त्यात मीही आले.

असो. आता वह्यांतून पाठवण्याजोगी प्रत कशी करायची ते पाहू. तिला छापखान्याच्या भाषेत मुद्रणप्रत म्हणतात. तिचे नियम पाहुण्यांसमोर ताट वाढण्यासारखे आहेत. मीठ कुठे, लिंबू कुठे, चटणी कुठे, हे ठरलेलं असतं, आणि त्यामागे कारण असतं. पूर्वी शिशाचे खिळे एकेक उचलून मजकूर जुळवत. एकाच कादंबरीची पानं चार जुळाऱ्यांना वाटून दिली जात. कागदाच्या पाठीवर मजकूर असेल तर तो दुसऱ्या जुळाऱ्याला कसा देणार? म्हणून कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं. पानं विस्कटली तर लावता यावीत म्हणून प्रत्येक पानावर आकडा. संपादकाला दुरुस्ती करता यावी म्हणून ओळींत अंतर आणि डावीकडे रुंद समास. खिळे गेले, संगणक आला, पण डोळे तेच आहेत. प्रकाशकाकडे वाचणारी व्यक्ती दिवसभर दुसऱ्यांचे कागद वाचत असते. तिला चष्मा दोनदा पुसायला लावू नका. (आपलं पत्र आठवलं ना ताई? रागावू नका हं.)

कागद ए-फोर, पांढरा, साधा. डावीकडे दीड इंच, बाकी तिन्ही बाजूंना एक इंच जागा. अक्षर १४ आकाराचं, एकच, सगळीकडे तेच. दोन ओळींत दीडपट ते दुप्पट अंतर. नवा परिच्छेद किंचित आत सरकवून. नवं प्रकरण नव्या पानावर. कोपऱ्यात पृष्ठांक आणि शेजारी कादंबरीचं नाव बारीक अक्षरात. पहिल्या पानावर कादंबरीचं नाव, आपलं नाव, पत्ता, फोन, ई-मेल आणि शब्दसंख्या. संपलं. मुखपृष्ठाचं चित्र नको, रंगीत शाई नको, महिरप नको, जाईजुईची वेल तर मुळीच नको. अर्पणपत्रिकाही नंतर. कादंबरी स्वीकारली जाईल तेव्हा सासूबाईंना खुशाल अर्पण करा.

शब्दसंख्या कशी काढायची? वहीतली कुठलीही पाच पानं घ्या, शब्द मोजा, सरासरी काढा. समजा, पानाला सोळा ओळी आणि ओळीत सात शब्द, म्हणजे ११२. सहाशे पानांचे झाले ६७,२००. “सुमारे ६७,००० शब्द” असं लिहायचं. टाइप करून झालं की संगणक आकडा आपोआप दाखवतो.

हाताने लिहिलेली प्रत चालते का? काही जण अजून घेतात, पण आधी फोन करून विचारा. माझं मत विचाराल तर टाइप करून घ्याच. गावात डीटीपी करणारे असतात. त्यांच्याकडे जाताना एक शब्द पाठ करून जा: युनिकोड. जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचांत टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की रांगोळी विस्कटल्यासारखा दिसतो. युनिकोडमध्ये असेल तर कुठेही मराठीच दिसतो. आणि नुसते छापलेले कागद घेऊन घरी येऊ नका. वर्डची फाइल आणि पीडीएफ, दोन्ही आपल्या ई-मेलवर मागून घ्या. पैसे दिलेत, फाइल आपली आहे.

खर्च वाचवायचा असेल तर आणखी एक युक्ती. फोनच्या मराठी कळफलकावर माइकचं चित्र असतं. ते दाबून वही मोठ्याने वाचायची, फोन लिहून घेतो. विरामचिन्हं आणि जोडाक्षरं मागाहून दुरुस्त करावी लागतात, पण निम्मं काम होतं. सांगून लिहवून घेण्यात कमीपणा नाही. तुमच्या सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर, दृष्टी गेल्यावर मजकूर सांगून लिहवूनच घेत. शिवाय मोठ्याने वाचताना कुठलं वाक्य घशात अडकतं ते आपल्याला कळतं. फक्त दार लावून बसा, नाहीतर दूधवाल्याला वाटेल घरात जावांचं भांडण लागलंय.

शुद्धलेखनाबद्दल बायका उगाच घाबरतात. आज चालतात ते नियम १९६२ मध्ये चौदा ठरले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. एकूण अठरा. एका दुपारी वाचून होतात. ऱ्हस्व-दीर्घाची एखादी चूक राहिली म्हणून कुणी कादंबरी परत करत नाही. मात्र एक पथ्य पाळा: निवेदनात “केले, गेले” लिहायचं की “केलं, गेलं”, हे पहिल्या पानावर ठरवा आणि शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवा. एका पानावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं आलं, तर वाचणाऱ्याला खडा लागल्यासारखं होतं.

पण बोलीला हात लावू देऊ नका! धाकट्या जावेच्या तोंडी “कुटं निगालीस गं?” असेल तर ते तसंच राहिलं पाहिजे. टाइप करणारे कधी कधी आपल्या मनाने ते “कुठे निघालीस?” करून टाकतात आणि कृष्णाकाठची सून सदाशिव पेठेत जाऊन बसते. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली, वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ साली. दोघंही तुमच्याच जिल्ह्यातले, आणि माणदेश-वारणेची माती त्यांच्या पुस्तकांत आहे. तेव्हा प्रतीसोबत एक चिठ्ठी जोडा: “संवादांतील बोलीभाषेचे शब्द जाणीवपूर्वक आहेत, तसेच ठेवावेत.”

प्रत झाली की पत्र. एका पानाचं. माझ्याकडून नमुना देते, आपल्याप्रमाणे बदलून घ्या:

“सप्रेम नमस्कार. ‘...’ ही माझी पहिली कादंबरी आपल्या वाचनासाठी पाठवीत आहे. प्रकरणे २२, सुमारे ६७,००० शब्द. सांगलीतील एका हळद-अडत्याच्या कुटुंबातील तीन जावांची ही कथा आहे. सोबत दोन पानी सारांश जोडला आहे. ही कादंबरी पूर्वी कोठेही प्रसिद्ध झालेली नाही व सध्या अन्य कोणाकडे पाठविलेली नाही. आपला अभिप्राय साधारण केव्हापर्यंत मिळू शकेल, हे कळवावे.”

एवढंच. “माझ्या मैत्रिणींना फार आवडली”, “मी एक सामान्य गृहिणी असून चूकभूल द्यावी घ्यावी” असलं काही लिहू नका. माफी कसली मागायची? सहा वर्षं लिहिलंय. सारांशात शेवटही सांगून टाका. थोरली जाऊ घर सोडते की नाही, हे प्रकाशकापासून गुपित ठेवायचं नसतं, ते वाचकासाठी.

चोरीची भीती पुष्कळ जणी बोलून दाखवतात. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याप्रमाणे लिहिलं त्या क्षणी हक्क लिहिणाराचा असतो, नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो. तारखा घातलेल्या वह्या आणि लेकीला पाठवलेले ई-मेल हाही पुरावाच. करार आला तर मात्र चारचौघांत वाचून घ्या. पुस्तक छापायची परवानगी देणं वेगळं आणि भाषांतर, चित्रपट, सगळंच कायमचं देऊन टाकणं वेगळं.

नाव लपवायचं असेल तर टोपणनाव घ्या, त्यात काही गैर नाही. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने निघालं. मालतीबाई बेडेकरांचं ते लेखन आहे हे तेव्हा वाचकांना ठाऊक नव्हतं. पत्रात आणि करारात मात्र खरं नाव घालावं लागतं. तेव्हा मिस्टरांना तोवर सांगून टाकलेलं बरं. पाकिटावर प्रकाशकाचा शिक्का घेऊन पोस्टमन दारात उभा राहील, तेव्हा सांगत बसण्यापेक्षा आधी चहाबरोबर सांगा.

पैशांचं एक बोलायलाच हवं. “छापू, पण खर्च तुम्ही द्या,” असं उत्तर येऊ शकतं. साताऱ्यातल्या माझ्या एका मैत्रिणीला आलं होतं. तिने दोन बांगड्या मोडल्या. पाचशे प्रती घरी आल्या आणि अजून कॉटखाली आहेत. दिवाळीची साफसफाई करताना ती त्या दरवर्षी बाहेर काढते, पुसते आणि आत ढकलते. स्वतःच्या पैशाने छापणं हे पाप नाही, पुष्कळ मोठ्या लोकांनी ते केलंय. पण मग ते आपण छापलं हे ओळखून करावं, कुणीतरी निवडलं अशी समजूत करून घेऊन नव्हे. किती प्रती, कोण विकणार, दुकानात कोण पोचवणार, हे कागदावर लिहून घ्या. नाहीतर बांगड्या हातातच बऱ्या दिसतात.

पाठवताना सुटी पानं एकावर एक लावून जाड दोऱ्याने बांधा, पुठ्ठ्याच्या फायलीत घाला आणि वर प्लॅस्टिकची पिशवी. पावसाळ्यात दोन पिशव्या. आपण पूर्वी रजिस्टर करायचो. ती सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच सामावून घेतली आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. प्रत परत हवी असेल तर पत्ता घालून, पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट सोबत ठेवा. एका वेळी एकाच प्रकाशकाकडे पाठवा. तीन महिने वाट पाहा, मग एक साधं पत्र, मग एक फोन. नकार आला तर प्रत झटकून, चुरगळलेलं पहिलं पान बदलून, दुसरीकडे. तशी तयारी म्हणून पहिल्याच दिवशी चार नावांची यादी करून ठेवा. तुमच्या कपाटातली आवडती पुस्तकं उघडून बघा, आतल्या पानावर प्रकाशकाचा पत्ता असतो. आपल्यासारखं कोण छापतं ते तिथेच कळतं.

सांगलीच्या ताई, वह्यांचे फोटो काढायला सुरुवात झाली की मला दोन ओळी टाका. आणि कादंबरीचं नाव कळवा. इतक्या लांबलचक पत्रात, दोन्ही ता. क. धरून, तेवढंच लिहायचं राहून गेलंय.